पायाने पाठवलेला आकडा

जुन्या संगीत नाटकांच्या साथीला पायपेटी असे. वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर फिरत आणि भाता पायांनी चाले. शिवणयंत्रावर बसलेला शिंपीही हेच करतो. दोन्ही हात कामात गुंतले, की उरलेले काम माणूस पायांवर सोपवतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याची अडचण अशीच आहे. त्याचा एक हात तारा दाबत असतो, दुसरा तारा छेडत असतो. कडवे संपून मधला संगीताचा तुकडा सुरू झाला, की त्याला गिटारचा आवाज पार बदलायचा असतो. कडव्याला स्वच्छ, मऊ आवाज हवा. तुकड्याला करकरीत, लांबत जाणारा, मागे प्रतिध्वनी उमटवणारा. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. तेवढ्या अवधीत दहा-बारा बटणे फिरवणे हातांना शक्य नाही. बदल उशिरा झाला तर ऐकणाऱ्याला तो लगेच खटकतो. म्हणून वादकाच्या पायाशी एक लांबट पेटी असते. तिला ‘मिडी फूट कंट्रोलर’ म्हणतात. तिच्यावरची कळ त्याने दाबली, की आवाज बदलतो.

पुष्कळांची समजूत अशी असते, की गिटारचा आवाज या पेटीतून जातो आणि तेथे तो बदलतो. वस्तुतः या पेटीतून आवाज मुळीच जात नाही. मग जाते तरी काय? ते आपण पाहू या.

आवाज बदलतो कोण?

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावू लागली, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. हे विद्युत् चुंबकीय प्रवर्तन फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि विद्युत् दाबही तितक्याच वेळा मागेपुढे होतो.

हा दाब ‘इफेक्ट्स प्रोसेसर’ नावाच्या यंत्रात जातो. तेथे त्याचे मापन दर सेकंदाला हजारो वेळा होऊन त्याचे आकडे बनतात. एकदा आकडे हाती आले, की पुढचे सारे काम गणिताचे. प्रतिध्वनी हवा असेल तर आकडे स्मृतीत ठेवून थोड्या वेळाने ते नव्या आकड्यांत मिळवायचे. आवाज करकरीत हवा असेल तर लहरींची उंच टोके छाटून टाकायची. तसे केले की मूळ कंपनसंख्येच्या पटीतील नवे स्वर त्यात मिसळतात.

प्रतिध्वनी किती वेळाने यावा, टोके किती छाटावीत, अशी सगळी मापे ठरवून प्रोसेसरच्या स्मृतीत साठवता येतात. अशा एका संचाला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात व प्रत्येक प्रोग्रॅमला क्रमांक असतो. समजा, ५ क्रमांकाला मऊ आवाज साठवला आहे आणि २० क्रमांकाला करकरीत. आता वादकाने प्रोसेसरला केवळ ‘२०’ एवढे कळवले की काम झाले!

हे तुम्हांला ओळखीचे वाटेल, निदान तुमच्या आजीआजोबांना तरी वाटेल. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तोपर्यंत लग्नाच्या किंवा सणाच्या शुभेच्छा तारेने पाठवताना संपूर्ण वाक्य पाठवावे लागत नसे. ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिलेले होते. तारेवरून क्रमांक जाई आणि पलीकडच्या कचेरीत त्या क्रमांकाचे वाक्य लिहून ते घरपोच होई. फूट कंट्रोलरही अशीच तार पाठवतो.

भाषा एक कशी झाली?

क्रमांकाची तार उपयोगी पडायची, तर दोन्ही टोकांना एकच यादी आणि एकच भाषा हवी. १९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या जगात नेमकी हीच उणीव होती. प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी असल्यामुळे एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी सर्वांसाठी एक पद्धत असावी म्हणून पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात या दोन कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका वायरने जोडून दाखवण्यात आली. त्याच वर्षी पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या तिच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘मिडी’ म्हणतात. तिच्या वापराबद्दल कोणाला शुल्क द्यावे लागले नाही, म्हणून एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. पद्धत मूळची पट्ट्यांच्या वाद्यांसाठी होती. पुढे प्रोसेसरांनाही मिडीची खोबण आली आणि गिटारवाल्यांनी ती पायाखाली घेतली.

दोन बाइटांची तार

मिडीचा संदेश ० आणि १ या दोनच चिन्हांत लिहिलेला असतो. असे एक चिन्ह म्हणजे एक बिट आणि आठ बिटांचा एक बाइट. प्रोग्रॅम बदलण्याच्या संदेशाला दोन बाइट पुरतात. पहिल्या चॅनेलवर ५ क्रमांकाचा प्रोग्रॅम मागवायचा असेल, तर संदेश असा असतो:

११०००००० ०००००१००

पहिल्या बाइटाचे दोन भाग करा. ‘११००’ याचा अर्थ ‘प्रोग्रॅम बदला’. उरलेले ‘००००’ म्हणजे चॅनेल. चार बिटांत १६ संख्या बसतात, म्हणून एका वायरवर १६ चॅनेल असतात. एकाच वायरवर अनेक यंत्रे जोडली, तरी प्रत्येक यंत्र आपल्या चॅनेलचा संदेश तेवढा ऐकते. मोजणी शून्यापासून असल्यामुळे ‘००००’ म्हणजे पहिले चॅनेल.

दुसरा बाइट हा आकडा आहे. पण ‘०००००१००’ म्हणजे तर ४! आपल्याला ५ हवा होता ना? येथेही मोजणी शून्यापासून आहे. पहिला प्रोग्रॅम वायरवरून ० म्हणून जातो आणि पाचवा ४ म्हणून.

आणखी एक गोष्ट पाहा. पहिला बाइट १ ने सुरू होतो आणि दुसरा ० ने. हा नियमच आहे. आज्ञेच्या बाइटाच्या आरंभी १ आणि आकड्याच्या बाइटाच्या आरंभी ०, त्यामुळे आज्ञा कोणती व आकडा कोणता, यात घोटाळा होत नाही. या नियमापायी आकड्यासाठी सातच बिट उरतात. सात बिटांत २×२×२×२×२×२×२, म्हणजे १२८ संख्या बसतात. ० ते १२७. मिडीत जिकडेतिकडे १२७ हा आकडा का भेटतो, ते यावरून कळेल.

वेळ पुरतो का?

मिडीच्या वायरवरून दर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटाच्या आधी ‘सुरू’ सांगणारा एक बिट आणि शेवटी ‘संपला’ सांगणारा एक बिट असतो. म्हणजे एका बाइटाला १० बिट आणि ३२० मायक्रोसेकंद लागतात. आपल्या दोन बाइटांना ०.६४ मिलिसेकंद लागले. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम २२ सेंटिमीटर जातो. ध्वनिवर्धकापासून ३.४ मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा स्वर १० मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि त्याची तक्रार नसते!

आता मोठा संदेश घेऊ. बेहरिंगर कंपनीच्या एफसीबी-१०१० या फूट कंट्रोलरवर १० कळा आणि पायाने झुकवायची २ पेडले आहेत. कळांचे १० संच करता येतात, म्हणून एकूण १०० जागा मिळतात. एका दाबात तो निरनिराळ्या यंत्रांना प्रोग्रॅम बदलण्याचे पाच आणि पुढे वर्णन केलेले तीन बाइटांचे दोन संदेश पाठवू शकतो. बाइट झाले १० + ६ = १६ आणि वेळ ५.१२ मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाच्या मात्रेपुढे हा काहीच नाही.

मात्र संदेश पोहोचल्यावर नवा प्रोग्रॅम चालू करण्यास प्रोसेसरला स्वतःचा वेळ लागतो. शिवाय अनेक प्रोसेसरांत प्रोग्रॅम बदलताच आधीचा घुमत असलेला प्रतिध्वनी एकदम तुटतो. चालू गाण्यात ते वाईट ऐकू येते. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या जातीचा संदेश.

मधल्या पायऱ्या

या संदेशाला ‘कंट्रोल चेंज’ म्हणतात. त्यात तीन बाइट असतात: आज्ञा व चॅनेल, नियंत्रणाचा क्रमांक आणि त्याचे मूल्य. संपूर्ण प्रोग्रॅम न बदलता त्यातील एकच गोष्ट याने बदलता येते. उदाहरणार्थ, ७ हा क्रमांक आवाजाच्या पातळीसाठी राखलेला आहे. एखादा परिणाम चालू-बंद करायचा असेल, तर ० म्हणजे बंद आणि १२७ म्हणजे चालू असा प्रघात आहे. मऊ आवाज तसाच ठेवून फक्त प्रतिध्वनी वाढवायचा असेल, तर वादकाने प्रोग्रॅम बदलू नये. असा संदेश पाठवावा.

झुकवायचे पेडलही हेच संदेश पाठवते. पेडलाच्या स्थितीप्रमाणे कमीजास्त होणारा विद्युत् दाब मोजून त्याचा ० ते १२७ मधला आकडा केला जातो. एका संदेशाला ०.९६ मिलिसेकंद लागतो, तेव्हा १२८ पायऱ्या एकामागून एक पाठवण्यास सुमारे ०.१२ सेकंद लागेल. पेडल त्याहून जलद दाबले, तर मधल्या काही पायऱ्या गाळाव्या लागतात.

वायरीत प्रकाशाची फट

मिडीच्या मूळ जोडणीत पाच खिळ्यांची गोल खोबण असते. त्यांतील दोन खिळ्यांवरून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह वाहिला की ० आणि थांबला की १. संदेश घेणाऱ्या यंत्रात हा प्रवाह एक छोटा दिवा पेटवतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी ट्रान्झिस्टर त्याची उघडझाप टिपतो. दोन यंत्रांमध्ये विद्युत् जोडणी राहत नाही, मधली उडी प्रकाश घेतो.

एवढा खटाटोप कशासाठी? विजेवर चालणारी दोन यंत्रे धातूच्या तारेने जोडली, तर त्यांच्या जमिनीशी असलेल्या जोडण्यांतून एक वेटोळे तयार होऊ शकते. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे. त्या वेटोळ्यातून तो शिरला, तर गिटारच्या क्षीण विद्युत् दाबाबरोबर त्याची घरघरही शेकडो पटींनी वाढून ऐकू येते. प्रकाशाच्या फटीमुळे मिडीच्या वायरीवाटे ती येत नाही. आज यूएसबीवरून आणि ब्लूटूथवरूनही मिडी पाठवतात. प्रोग्रॅम आणि कंट्रोल या संदेशांचे अर्थ तेच आहेत.

कळ दाबली, पण आवाज बदलला नाही!

असे झाले तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वायर. ती कंट्रोलरच्या ‘आउट’पासून प्रोसेसरच्या ‘इन’पर्यंत हवी, आउटला आउट जोडून काही होत नाही. दुसरी, चॅनेल. कंट्रोलर पहिल्या चॅनेलवर बोलत असेल आणि प्रोसेसर दुसऱ्यावर ऐकत असेल, तर संदेश पोहोचूनही उपयोग नाही. तिसरी, क्रमांक. काही यंत्रे प्रोग्रॅम १ पासून मोजून दाखवतात, काही ० पासून. कोणी तळमजल्याला पहिला मजला म्हणावे आणि कोणी त्याच्या वरच्याला, तसा हा प्रकार. मग ५ मागितला तर ६ किंवा ४ मिळतो.

यातली कोणतीही चूक कंट्रोलरला कळत नाही, कारण ही तार एकेरी आहे. ‘मिळाली’ अशी पोच प्रोसेसरकडून परत येत नाही. कंट्रोलरवर ५ दिसतो, याचा अर्थ त्याने ५ पाठवला एवढाच. आज्ञा पाळली गेली की नाही, हे कळण्याचे साधन एकच: वादकाचा कान. म्हणून कार्यक्रमापूर्वी प्रत्येक कळ एकदा दाबून, वाजवून पाहावी.

करून पाहा

यासाठी यंत्र नको. एक विजेरी आणि दोन विद्यार्थी पुरेत. विजेरी पेटलेली म्हणजे ०, विझलेली म्हणजे १. शिक्षकांनी दर सेकंदाला टाळी वाजवावी. पहिल्या टाळीला विजेरी पेटवा. हा ‘सुरू’चा बिट. पुढच्या आठ टाळ्यांना बाइटाचे आठ बिट उजवीकडून डावीकडे पाठवा. दहाव्या टाळीला विझवा. हा ‘संपला’चा बिट. दुसऱ्या विद्यार्थ्याने पाठीमागून वहीत न पाहता आकडा ओळखावा. तुम्हांला एका बाइटाला दहा सेकंद लागतील. मिडीची वायर हेच काम ३१,२५० पट वेगाने करते.

प्रश्न

१. तिसऱ्या चॅनेलवर २० क्रमांकाचा प्रोग्रॅम मागवणारे दोन बाइट लिहा.
२. लय मिनिटाला ९६ मात्रांची आहे. प्रतिध्वनी बरोबर एका मात्रेने यावा, तर विलंब किती मिलिसेकंदांचा ठेवावा?
३. ‘सुरू’चा बिट नसता, तर ११११११११ हा बाइट आला हे विजेरी पाहणाऱ्याला कसे कळले असते?

उत्तरे: १. ११००००१० ०००१००११. २. ६०,००० ÷ ९६ = ६२५ मिलिसेकंद. ३. कळले नसते, आठही बिटांना विजेरी विझलेलीच राहिली असती आणि कोणी काही पाठवत नसतानाही ती विझलेलीच असते.