पद्मिनीचं इंजिन: उतरवा, बांधा, चढवा

फियाट म्हणा, पद्मिनी म्हणा, पेट्रोल इंजिन एकच. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. १९६४ पासून 'डिलाइट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' अशा नावांनी ते कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडत राहिलं. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीनच मेन बेअरिंग. इतकं साधं, की दोन माणसं पार्किंगमध्ये उघडू शकतात. त्यामुळेच ते पुष्कळांनी उघडून बिघडवलंय.

उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे लिहून घ्या. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. व्हॉल्व्हचं दुखणं असेल तर नुसतं हेड उतरवून भागतं, अख्खं इंजिन काढायची हौस आवरा.

ब्लॉक तडकला असेल, तर दुसरं इंजिन शोधावं लागतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या जुन्या मालाच्या बाजारात काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून उतरलेली इंजिनं मिळत आली आहेत. त्यातली बरीच सीएनजीवर पळालेली. तो गॅस कोरडा, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट आत बसलेल्या असू शकतात. हेड उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पावती घ्या आणि इंजिन नंबर बदलण्याबद्दल आरटीओत आधी विचारून या. नंबर आरसीवर असतो, तो परस्पर बदलता येत नाही. आणखी एक गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. डिझेल किंवा भलतंच इंजिन बसवलंत तर ती वाट बंद होऊ शकते. माझं मत विचाराल तर पद्मिनीला पद्मिनीचंच इंजिन, आणि जमेल तोवर तिचं स्वतःचं.

उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. बॅटरीची वायर काढा, पाणी आणि ऑइल डब्यात घ्या (गटारात नव्हे), बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारून बॉनेट उतरवा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी आणि नंबर. पेट्रोलच्या पाइपला बूच. गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याच्याखाली जॅक लावा, नाहीतर तो लोंबकळतो. चेन पुली काँक्रीटच्या बीमला बांधा. पत्र्याच्या शेडचा पाइप दिसायला मजबूत असतो, एवढंच.

आता खोलणं. हेडचे नट एकदम सोडू नका. बाहेरून आत, थोडेथोडे करत सगळे सैल करा. आठही पुशरॉड चपलांच्या खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून क्रमाने खोचा, टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये. जो टॅपेट ज्या भोकातला, तो तिथेच परत जायचा. कॅमबरोबर त्याची घासून ओळख झालेली असते. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या टोप्यांवर नंबर आहेत का पाहा, नसतील तर पंचने खुणा करा. टोपी उलटी किंवा दुसऱ्याची बसली तर नवं बेअरिंगही जाणार.

मग मोजा. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. वर आणि खाली एक दशांश मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर नुसत्या रिंगा घालून भागणार नाही. चार महिन्यांत धूर परत येईल. क्रँकचे जर्नलही मायक्रोमीटरने मोजा.

इथे एक नियम: आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. मी हा नियम मोडला. लेथवाला म्हणाला, "ब्लॉक ठेवून जा, पुढच्या साइजला बोअर करून ठेवतो, पिस्टन काय, मिळतोच." मिळाला नाही. महिनाभर फिरल्यावर मिळाला तो त्याच्याही पुढच्या साइजचा. ब्लॉक पुन्हा लेथवर चढला आणि त्याचं एक आयुष्य फुकट गेलं. शेवटच्या ओव्हरसाइजनंतर स्लीव्ह ठोकण्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा पिस्टन आणा, चारही मोजा, त्यांच्या खोक्यावर लिहिलेली फट लेथवाल्याला दाखवा आणि त्या पिस्टनांवरच बोअर करून घ्या. शेवटी होनिंगच्या तिरक्या फुलीसारख्या रेघा दिसल्याच पाहिजेत, त्यात ऑइल थांबतं. क्रँक घासून घेतला तर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई शाबूत आहे ना, तेही बघा. तिथे धार राहिली तर क्रँक तिथूनच तुटतो.

ब्लॉक घरी आला की धुवा. रॉकेलने नव्हे. रॉकेल होनिंगची बारीक पूड रेघांमध्येच ठेवतं. गरम पाणी, कपड्यांच्या साबणाची पावडर आणि ब्रश. ऑइलच्या वाहिन्यांची बुचं काढून आतूनही ब्रश फिरवा. मग जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा बोअरमध्ये घासा. करडा निघाला? पुन्हा धुवा. माझा तुकडा पाचव्या खेपेला पांढरा आला. लगेच ऑइल चोळा, कारण ओल्या बिडावर बघता बघता तांबूस झाक येते.

हेडवर सरळ पट्टी तिरपी धरून फीलर गेज घाला. वाकलं असेल तर फेसिंग. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग झाल्यावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओता. पोर्टमधून झिरपलं नाही तर काम झालं.

बांधताना घाई नको. प्रत्येक रिंग नुसतीच बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने खाली ढकला आणि तोंडाची फट मोजा. पिस्टनवर चढवल्यावर रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. बेअरिंगला ऑइल, टोपी, टॉर्क रेंच, आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँक हाताने फिरवून पाहा. जड झाला तर तीच टोपी उघडा. टायमिंगच्या खुणा दोनदा जुळवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

चढवण्याआधी क्लच प्लेट मध्यावर आणा. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाची लाकडी काठी सुताराकडून कातून घेतली की झालं. इंजिन शाफ्टवर टेकवून ठेवू नका आणि उरलेली फट बोल्ट आवळून मिटवू नका. बसत नसेल तर मागे घ्या, पुन्हा लावा. माउंटिंगचे रबर नवे घाला. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

पहिल्या स्टार्टला प्लग काढूनच सेल मारा. ऑइलचा दिवा विझला की मग प्लग लावा. इंजिन धरलं की आयडलवर सोडू नका. साधारण दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा, म्हणजे कॅम आणि टॅपेट नीट बसतात. दिवा पेटला तर ताबडतोब बंद. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासा, मग टॅपेटची फट. आता गाडी चढावर न्या, थोडा लोड द्या, पण ताणू नका. नुसती उभी फुरफुरत ठेवली तर रिंगा बसत नाहीत. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात तिरपं धरा. करडी बारीक चमक चालेल. तांबूस किंवा चंदेरी कपचे दिसले, तर संप पुन्हा उतरवायचा आहे.