तलाक लिहून दिला की संपतो का हक्क?

प्रश्न : पोटगी मागितली, तर ‘तलाक पूर्वीच दिला’ असे नवऱ्याने लेखी उत्तर दिले. माझा हक्क संपला का? (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : नाही. हिंगोली ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येते, तिथल्याच पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहीमबी प्रकरणात सांगितले, की असे नुसते लिहून भागत नाही. सबळ कारण, दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक हे सारे नवऱ्यानेच सिद्ध करायचे. ‘हा धर्मातला हस्तक्षेप’ हा आक्षेप ठरलेलाच असतो. पण दोन्ही घराण्यांतून एकेक मध्यस्थ नेमण्याची आज्ञा कुराणाच्या चौथ्या सूरेतच (आयत ३५) आहे. ती पाळा म्हणणे हा हस्तक्षेप कसा? १९८६च्या मुस्लिम महिलांविषयीच्या घटस्फोट कायद्याने पोटगी इद्दतपुरतीच (घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळापुरतीच) उरली, हेही अर्धसत्य. डॅनियल लतीफी निकालाने (२००१) पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद इद्दतीच्या आतच करणे पतीवर बंधनकारक केले, आणि १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा मार्गही खुला असल्याचे स्पष्ट केले. तेच आता नव्या संहितेचे कलम १४४. अर्ज मागे घेऊ नका. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.