त्याला ऐकू येतं, आपल्याला नाही

मुलं १८-२० वर्षांची झाली की खोलीचं दार लावून बसतात. कॉलेज बुडवतात, रात्रभर जागतात, मित्रांचे फोनही उचलत नाहीत. आपण म्हणतो, 'वयच तसं आहे', 'मोबाइल, दुसरं काय!' बहुतेक घरांत ते खरंही असतं, म्हणून तर एखाद्या घरात वेगळं काही सुरू झालंय हे कळायला उशीर होतो. डबे, ऑफिस, सासूबाईंची औषधं यातून कोण एवढं निरखून बघणार?

आमच्याकडे कळलं ते जेवणावरून. लेकाने ताटातलं खाणं सोडलं. केळी आणि उकडलेली अंडी तेवढी खायचा, तीही स्वतः सोलून. सालीच्या आत कुणाला काही कालवता येत नाही, हा त्याचा हिशोब. ऐन मे महिन्यात पंखा लावू द्यायचा नाही, कारण पंख्याच्या घरघरीतून कुणीतरी त्याचं नाव घेऊन बोलायचं. आपल्याला तो विक्षिप्तपणा वाटतो. तो मात्र जीव मुठीत धरून स्वतःला वाचवत होता.

डॉक्टरांनी सायकोसिस म्हणून सांगितलं. दर १०० माणसांत साधारण तिघांना आयुष्यात कधीतरी असा अनुभव येतो, आणि बऱ्याचदा सुरुवात याच वयात होते. बरं वाटायला लागल्यावर तो मला म्हणाला, "आई, ते मनातले विचार नव्हते गं. तू स्वयंपाकघरातून हाक मारतेस ना, तसं कानावर यायचं." स्कॅन काढून तपासलं तर असे आवाज येत असताना मेंदूतले बोलण्या-ऐकण्याचे भाग खरंच काम करताना दिसतात. म्हणजे पोरं थापा मारत नाहीत, नाटकंही करत नाहीत.

आणि आपण? आपण वाद घालतो. "कुठे काय आहे? मला तर काहीच ऐकू येत नाही!" म्हणायचं असतं धीर द्यायला, पण त्याला वाटतं, आता आईसुद्धा आपल्यावर विश्वास ठेवत नाही. बरं, खोटं खोटं 'हो हो' तरी कसं म्हणणार? आमच्याकडे एवढं चाललं: "मला ऐकू येत नाहीये रे, पण तू किती घाबरलायस ते दिसतंय. पंखा बंद करते आणि इथेच बसते." भास पटो न पटो, भीती तर खरीच असते. तिच्याशी बोलता येतं.

'आमचंच काहीतरी चुकलं' हा घोर प्रत्येक आईबापाला लागतो. घरच्यांमुळे हा आजार होत नाही. घरातल्या वातावरणाने पुढचा फरक मात्र पडतो. लंडनच्या जॉर्ज ब्राऊन यांनी हॉस्पिटलमधून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. जिथे टोचून बोलणं, चिडचिड किंवा अतिकाळजीने सतत मागे लागणं होतं, तिथे आजार जास्त वेळा उलटला. त्यातलं अतिकाळजीचं वाचून मला रडूच आलं होतं. थकलेल्या माणसाने ती तरी कशी आवरायची?

आजी अंगारा लावत असतील तर लावू द्या. डॉक्टरांची वेळ तेवढी चुकवू नका. उपचार जितके लवकर, तितकं सावरणं सोपं. गोळ्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. त्यांनी झोप येते, भूक वाढते, वजन वाढतं, आणि नातेवाईक म्हणतात, 'आळशी झालाय.' त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या की आजार परत डोकं काढतो.

एक विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचाराच: "ते आवाज तुला स्वतःला काही करून घ्यायला सांगतात का?" विचारल्याने तसं मनात भरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुमचं काय? लेकराच्या आजाराबद्दल चुलत-मावस गोतावळ्यात बोलता येत नाही. कॅनडात राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे असेच भास होणारा आजार, होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथे घरच्यांचे स्वमदत गट भरतात. लांब राहत असाल तर सरकारच्या 'टेलि-मानस'ला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. मुलगा बोलायला तयार नसेल, तर आईने किंवा बाबांनी केला तरी चालतो.