मेळघाटात वाघ मागू नये

नागपूरच्या भोवती वाघाची जंगलं इतकी दाट आहेत की आपण त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजू लागलो आहोत. ताडोबा, पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नागझिरा, बोर, आणि थोडी लांबची मजल मारायची तर मेळघाट. सहलीचा आराखडा मात्र सगळीकडे तोच: शनिवारी दुपारी आजी-आजोबांसकट गाडी भरायची, रात्री रिसॉर्टवर जेवायचं, पहाटे एक सफारी, वाघ, फोटो आणि रविवारी संध्याकाळी परत. सपाटीवरच्या जंगलात हा आराखडा कधी जमतो, कधी हुकतो. सातपुड्याच्या डोंगरात, म्हणजे मेळघाटात आणि त्याच्या पोटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानात, तो बहुतेक वेळा फसतोच. थकलेली मुलं, कंबर धरून बसलेले आजोबा, गाइडवर चिडलेले वडील आणि ‘काहीच नव्हतं’ हा निकाल घेऊन अनेक कुटुंबं घाट उतरतात. याचं खापर नशिबावर किंवा गाइडवर फोडलं जातं. माझ्या मते दोष आखणीचा असतो. डोंगराळ जंगलात सहकुटुंब जायचं, तर आधी वाघाला आखणीतून बाहेर काढावं लागतं. ते केलं की कुणाला न्यायचं, किती रात्री राहायचं, बॅगेत काय भरायचं, गाइडशी काय बोलायचं, ही सगळी उत्तरं बदलतात.

आधी आकडे पाहू. २०२२ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात ९७ आणि मेळघाटात ५७. मेळघाटचं क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर, ताडोबाचं सुमारे १,७२७. भागाकार केला तर शंभर चौरस किलोमीटरमागे ताडोबात साडेपाचच्या वर वाघ पडतात आणि मेळघाटात जेमतेम दोन. वाघ असे सारख्या अंतरावर वाटलेले नसतात, हे खरंच. पण भूगोल लक्षात घेतला की दिसण्याची शक्यता या भागाकारापेक्षाही कमी होते. वैराटचा माथा सुमारे ११७८ मीटरवर, तर तापीकडे उतरणाऱ्या दऱ्यांचा तळ चारशे मीटरच्या आसपास. मध्ये गाविलगडच्या रांगेचे बसाल्टचे उतार, त्यांवर साग, आणि सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार या नद्यांनी कापलेल्या घळी. उन्हाळ्यात पाणी उरतं ते या घळींमधल्या डोहांत, आणि तिथवर जिप्सीचा रस्ता जातोच असं नाही. ताडोबात तळ्याच्या काठावर गाडी उभी केली की समोरचं मोकळं मैदान डोळ्यांत मावतं. इथे वळण घेतलं की पुढचे पन्नास मीटर दिसतात आणि मग पुन्हा वळण. १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता. म्हणजे वाघासाठी ते मोलाचं जंगल आहे, यात वाद नाही. पण वाघाला जे सोयीचं असतं ते पाहणाऱ्याला सोयीचं असेलच असं नाही.

वाघ दाखवण्याचा आग्रह धरला की काय होतं, याचं उदाहरण नागपूरकरांना लांब शोधावं लागत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफिती गावभर फिरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण गाड्यांत बसलेली माणसं कोण होती? वर्षअखेरीला पोराबाळांना घेऊन निघालेली, आपल्यासारखीच कुटुंबं. गाइडची बक्षिसी वाघावर अवलंबून ठेवायची, ‘कालच्या गाडीला दिसला म्हणे’ असं दहा वेळा ऐकवायचं, आणि मग त्याने गाडी नियमात ठेवावी अशी अपेक्षा करायची, हा दुटप्पीपणा आहे. म्हणून पहिला सल्ला अगदी साधा आहे. गेटवर गाइड गाडीत बसला की त्याला सांगा, वाघ नाही दिसला तरी चालेल, तुम्हाला जे दाखवावंसं वाटतं ते दाखवा. आणि बक्षिसी किती द्यायची ते जंगलात शिरण्याआधीच मनाशी ठरवून टाका. एवढ्याने गाडीचा वेग कमी होतो, गाडी मध्ये थांबू लागते, आणि गाइड बोलायला लागतो. मेळघाटातले पुष्कळ गाइड तिथल्याच गावांमधले असतात. त्यांना माहीत असलेल्या गोष्टींपैकी वाघ ही फार तर एक.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे मुलं. वाघ नाही तर पोरं कंटाळतील, एवढं अंतर तोडून त्यांना काय दाखवायचं? मला वाटतं, मुलांच्या कंटाळ्याचा मोठा भाग मोठ्यांनी आणलेला असतो. आपण चार तास ‘आता दिसेल, गप्प बस’ म्हणत राहतो आणि शेवटी ‘नाही दिसला’ म्हणतो. मुलाच्या हिशेबाने ते चार तास वाया गेले, कारण आपणच त्यांची किंमत एका प्राण्यावर लावली होती. त्यांच्या कानांना काम द्या. सांबराचा कॉल, वानरांचा खोकल्यासारखा इशारा आणि चितळाची शिट्टी यांतला फरक आठ वर्षांच्या मुलाला एका सकाळीत कळतो. मग तोच सांगू लागतो की डावीकडच्या नाल्यात काहीतरी हललं. रानगवे, अस्वल, रानकुत्रे, चौशिंगा, झाडाच्या ढोलीत दिवस काढणारी उडती खार, हे सगळं या डोंगरात आहे. कधी दिसतं, कधी नुसत्या खुणा मिळतात. वारुळ उकरलेलं दिसलं की अस्वल येऊन गेलं, हे समजून घेण्यातही मुलांना मजा वाटते, फक्त कुणीतरी ते समजावून सांगायला हवं.

आणि रानपिंगळा आहे. मेळघाटात कुटुंब घेऊन जाणाऱ्याने घरून एकच गोष्ट वाचून जायची असेल तर ती या घुबडाची. १८७३ साली शास्त्रज्ञांनी याचं वर्णन नोंदवलं, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा मागमूस लागेना, आणि पक्षी नामशेष झाला असंच धरून चाललं होतं. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली आपण तो मिळवल्याचा दावा केला होता. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, चिठ्ठी तेवढी नवी चिकटवली होती. (मुलांना हा चोरीचा भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्यात गैर काही नाही.) नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी जिवंत सापडला. कुठे, तर आपल्याच राज्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो आढळला आणि आज मेळघाट हे त्याचं एक मोठं आश्रयस्थान मानलं जातं. शिवाय तो दिवसा वावरतो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर भर सकाळी बसलेला दिसू शकतो. जगात भारताबाहेर कुठेही नसलेला पक्षी आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, आणि आपण त्याच्या झाडाखालून ‘काहीच नव्हतं’ म्हणत निघून येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाघामुळेच पर्यटक येतात, पर्यटकांमुळे गावांना पैसा मिळतो, आणि पैशामुळे जंगल टिकतं. तेव्हा वाघाचं आकर्षण कमी करणं म्हणजे गावांच्या पोटावर पाय देणं. पर्यटन आणि संरक्षण यांची ही सांगड मला मान्य आहे. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं होतं आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह, गाभ्याच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला न देण्याच्या मर्यादेसह, ते पुन्हा सुरू करू दिलं. पर्यटन नकोच, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की पैसा कोणत्या सवयीतून येतो. वाघावर पैज लावणारं कुटुंब एक रात्र राहतं, एक सफारी करतं, नाराज होऊन जातं आणि पुन्हा येत नाही. डोंगर पाहायला आलेलं कुटुंब दोन-तीन रात्री थांबतं, चिखलदऱ्याबरोबर सेमाडोह किंवा कोलकासलाही मुक्काम करतं, गावातल्या घरचं जेवण घेतं. गावाच्या हाती कुणाकडून जास्त उरतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

गावांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मेळघाट ही कोरकू आदिवासींची भूमी आहे, आणि नव्वदीच्या दशकापासून बातम्यांत ती बालकांच्या कुपोषणासाठी येत राहिली. अशा गावात गाडी थांबवून पोरांना चॉकलेटं वाटणं आणि त्यांचे फोटो काढणं याला दानधर्म म्हणू नये. शिवाय वैराट, चुर्णी, कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून उठून बाहेर वसली. त्यांच्या जुन्या शेतांची कुरणं झाली आणि तिथे आज गवे, सांबर चरतात. गाइडने अशा कुरणाशी गाडी थांबवली तर मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: जनावरं का वाढली, आणि इथे आधी कुणाची घरं होती.

आता व्यवहाराचं बोलू. नागपूरहून चिखलदरा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. अमरावतीपर्यंत रस्ता सरळ आहे, त्यामुळे हिशेब तिथवर बरोबर येतो आणि पुढे चुकतो. परतवाड्यानंतर किलोमीटर मोजू नयेत, तास मोजावेत. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना घाटाआधी भरपेट खाऊ घालू नये. पेट्रोल परतवाड्यात भरावं, थोडी रोकड जवळ ठेवावी, आणि मोबाइलला रेंज नसेल हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्यावर गाडी चालवू नये. वळणापलीकडे गवा उभा असेल तर ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतली पहाट नागपूरच्या थंडीवरून ओळखता येत नाही. कानटोपी आणि हातमोजे मुलांच्या अंगावर हवेत, डिकीतल्या बॅगेत ठेवून उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात आणि ती वेचायला माणसंही येतात, अस्वलंही. त्या दिवसांत पहाटे मुक्कामाच्या आवाराबाहेर पायी फिरायला जाऊ नये. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते. तेव्हा चिखलदऱ्याला जायचं ते धुकं आणि धबधबे पाहायला, आणि तेही जमलं तर शनिवार-रविवार टाळून.

आजी-आजोबांबद्दल मात्र मी थोडा कठोर आहे. सफारी तीन-चार तासांची असते, गाडीतून मधेच उतरता येत नाही, स्वच्छतागृह वाटेत मिळेलच याची खात्री नसते, आणि डोंगरातला कच्चा रस्ता मणक्याला सोडत नाही. मधुमेह, गुडघे किंवा पाठीचा त्रास असलेल्या माणसाला ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून गाडीत बसवणं हे प्रेम नव्हे. त्यांच्यासाठी चिखलदऱ्यात निवांत सकाळ, गाविलगड किल्ल्याची तटबंदी जमेल तितकी, आणि संध्याकाळी मुलांच्या तोंडून ऐकलेलं जंगल, ही आखणी कमी प्रतीची नाही. अगदी लहान मुलांनाही हेच लागू आहे. एक पालक मागे राहिला तर सहल मोडत नाही.

मग वाघ पाहायचाच नाही का, असं कुणी विचारेल. पाहायचा ना. पण त्याची तारीख वेगळी धरावी. एप्रिल-मेमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, उन्हाला न घाबरणारी दोन-तीन माणसंच घेऊन पेंच किंवा ताडोबाला जावं आणि एकाऐवजी दोन सफाऱ्या कराव्यात. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला विमानाच्या तिकिटासकट सगळा डाव एकाच खेपेवर लावावा लागतो, तेव्हा त्यांची घाई एक वेळ समजू शकते. आपल्याला ती सक्ती नाही. पेंचच्या सिल्लारी किंवा खुर्सापार गेटवरून केलेल्या दुपारच्या सफारीत काही दिसलं नाही, तर रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं.