घटक ६ : कामाच्या ठिकाणची बोलभाषा – देवाचे नाव, उद्गार आणि अपशब्द

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• धार्मिक उद्गार, अभिवादन आणि अपशब्द यांतील फरक सांगता येईल;
• अपशब्दांचे वर्गीकरण करून त्यांमागील सामाजिक उतरंड स्पष्ट करता येईल;
• बोलीचे वैशिष्ट्य आणि अवमान यांत भेद करता येईल;
• कामाच्या ठिकाणच्या एखाद्या भाषिक प्रसंगाचे कसोट्यांच्या आधारे विश्लेषण करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा समाजात कशी वावरते हे पाहायचे असेल, तर घर आणि शाळा यांच्याइतकेच कामाचे ठिकाणही महत्त्वाचे आहे. घरात आपण आपल्या माणसांशी बोलतो. कामावर मात्र, ज्यांना आपण निवडलेले नाही अशा माणसांशी दिवसाचे आठ-दहा तास बोलावे लागते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाट चढण्यासाठी गाड्यांना जादा इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून कर्जत स्थानकाला महत्त्व आले. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. पुढे खोपोली, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. कर्जतच्या बाजूला वीटभट्ट्या, शेतघरे आणि विश्रामगृहे वाढली. परिणामी आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी, घाटावरून आलेली कुटुंबे आणि उत्तर भारतातून आलेले कामगार एकाच पाळीत काम करू लागले. प्रत्येकाने आपली बोली आणली, आपला देव आणला आणि आपल्या शिव्याही आणल्या. या तिन्हींचा एकत्रित विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

६.२ देवाचे नाव : अर्थ आणि कार्य

मराठी व्याकरणात ‘अरेरे’, ‘अबब’, ‘शाबास’, ‘छी’ यांसारख्या शब्दांना केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. वाक्याच्या रचनेशी त्यांचा संबंध नसतो. ती मनातील भावना एकदम व्यक्त करतात. देवाची नावेही मराठीत असेच काम करतात. ‘अरे देवा!’ हा उद्गार संकट दाखवतो, ‘शिव शिव!’ मधून तिटकारा किंवा हळहळ प्रकट होते, तर ‘राम राम राम!’ मध्ये करुणा असते. येथे देवाला हाक मारलेली नसते. बोलणाऱ्याच्या मनाला वाट मिळालेली असते.

वाक्प्रचारांत तर देवाचे नाव मूळ अर्थापासून आणखी दूर जाते. कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो. रटाळ योजनेत काही ‘राम’ नसतो. कंटाळलेला मनुष्य नोकरीला ‘रामराम’ ठोकतो. असे बोलणारा कोणत्याही धर्माचा असू शकतो, कारण हे शब्द आता श्रद्धेचे राहिलेले नसून भाषेचे झालेले आहेत. अर्थाची मूळ धार बोथट होऊन केवळ भावछटा उरणे, या प्रक्रियेला आपण ‘अर्थक्षीणता’ म्हणू.

एक कल्पित प्रसंग घेऊ. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात यंत्राचा पट्टा तुटतो. मदतनीस ‘अरे देवा!’ म्हणतो आणि त्याच्या शेजारचा जोडारी ‘या अल्ला!’ म्हणतो. भाषिक दृष्ट्या दोन्ही उद्गारांचे कार्य एकच आहे. पर्यवेक्षकाने दोघांनाही काही म्हटले नाही, तर तो योग्य वागला. दोघांनाही ‘आधी यंत्र बंद करा’ असे बजावले, तरीही तो योग्यच वागला. मात्र पहिल्याकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याला ‘कामावर धर्म आणू नकोस’ असे सुनावले, तर तो भाषेविषयी बोलत नसून माणसाविषयी बोलत आहे. एका समूहाची भाषा तटस्थ आणि दुसऱ्याची ‘धार्मिक’ भासणे, हा बहुसंख्याकांच्या कानाला जडणारा दोष आहे. अभ्यासकाने प्रथम आपलाच कान तपासला पाहिजे.

६.३ अभिवादन : ऐच्छिक आणि आदेशित

उद्गार कोणाला उद्देशून नसतो; अभिवादन मात्र दुसऱ्याला उद्देशूनच असते. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले, की अशा बोलण्याचा हेतू माहिती देणे हा नसून संबंध जोडणे हा असतो. ‘राम राम’, ‘जय भीम’, ‘सलाम’, वारकऱ्यांचे ‘राम कृष्ण हरी’, आदिवासींमधील ‘जोहार’ ही सारी संबंध जोडण्याची साधने आहेत.

परंतु प्रत्येक अभिवादन बोलणाऱ्याची ओळखही सांगते. ‘जय भीम’ म्हणणारा स्वतःच्या स्वाभिमानाचा इतिहास सांगत असतो. महाडचा १९२७ चा सत्याग्रह याच जिल्ह्यात, तत्कालीन कुलाब्यात, झाला हे येथे लक्षात घ्यावे. म्हणून ‘जय भीम’ला उत्तर न देता मान वळवणे हेही एक बोलणेच ठरते. उत्तर त्याच शब्दांत दिले पाहिजे असे नाही. ‘नमस्कार’ म्हटले तरी संबंध जुळतो. मौन पाळले तर तो तुटतो.

अभिवादन आदेशाने ठरवता येते का? महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर २०२२ रोजी शासननिर्णय काढून शासकीय व शासन-अनुदानित कार्यालयांत दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचे आवाहन केले. त्याला पाठिंबा मिळाला, तसेच आक्षेपही घेतले गेले. काहींनी वेगळी अभिवादने सुचवली. सक्ती नसली, तरी आवाहन वरिष्ठाकडून आले की कनिष्ठाला ते कसे ऐकू येते, हा भाषाभ्यासाचा प्रश्न आहे. अभिवादनाचे सौंदर्य ते स्वतःहून दिले जाण्यात असते. वरिष्ठासमोर म्हटलेल्या शब्दात आपुलकी किती आणि सावधगिरी किती, हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. देवाचे नाव केवलप्रयोगी अव्ययाचे कार्य करते याची दोन उदाहरणे द्या.
२. उद्गार व अभिवादन यांतील मुख्य फरक कोणता?

६.४ अपशब्द : प्रकार आणि उतरंड

मराठीतील अपशब्दांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

(अ) नातेवाचक : यांत आई, बहीण, बायको यांचा उल्लेख असतो. ‘आयला’, ‘च्यायला’ हे उद्गार मुळात आईवरून दिलेल्या शिवीचे घासून गुळगुळीत झालेले अवशेष आहेत. ‘साला’ हे तर साधे नाते. परंतु ‘तुझी बहीण माझ्याकडे आहे’ हा त्यातील दडलेला दावा त्याला शिवी बनवतो. भांडण दोन पुरुषांचे असते आणि अपमान तेथे हजर नसलेल्या स्त्रीचा होतो.

(आ) जातिवाचक व समूहवाचक : येथे समूहाचे नावच शिवी म्हणून वापरले जाते. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात करण्याच्या व्यवसायावरून आले. श्रम आणि कौशल्य यांचे ते नाव. तेच वेगळ्या सुरात उच्चारले, की अज्ञान व अस्वच्छता यांचे लेबल होते. ‘चांभारचौकशी’ यासारखे रूढ शब्दही याच वर्गात येतात.

(इ) प्रदेशवाचक : ‘घाटी’, ‘भय्या’ हे शब्द मुळात स्थान किंवा नाते सांगणारे. बोरघाटाच्या पायथ्याशी ‘घाटी’ हा शब्द थट्टेत सहज येतो. पण ज्याला तो लावला जातो, त्याच्या दृष्टीने ती रोजची आठवण असते, की तू इथला नव्हेस.

(ई) देहवाचक व पशुवाचक : ‘लंगड्या’, ‘आंधळा आहेस का?’, ‘गाढवा’ इत्यादी.

या चारही प्रकारांत एक समान सूत्र आहे. शिवी देताना मनुष्य समाजातील तयार उतरंड उसनी घेतो. ज्याचे स्थान समाजाने खालचे मानले, त्याचे नाव शिवी होते. उच्च मानलेल्या समूहांची नावे क्वचितच शिवी म्हणून रूढ होतात. म्हणून शिव्यांची यादी हा समाजाच्या विषमतेचा एक दस्तऐवजच असतो.

६.५ ‘आमची भाषाच अशी आहे’ : एका युक्तिवादाची तपासणी

अपशब्दांबाबत हरकत घेतली, की दोन उत्तरे ऐकू येतात : ‘आमची भाषाच अशी आहे’ आणि ‘सवयीने बोललो, मनात काही नव्हते’. दोन्हींत काही तथ्य आहे. म्हणून ती तपासून पाहू.

पहिले उत्तर बोलीविषयी आहे. अनेक बोलींत आदरार्थी बहुवचनाचा वापर प्रमाण मराठीच्या मानाने कमी आढळतो. एखादा ठाकर किंवा कातकरी कामगार अधिकाऱ्याला ‘तू कवा आलास?’ असे विचारतो, तेव्हा तो उद्धटपणा नसतो. त्याच्या बोलीत ती जवळीक असते. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याने त्यास अवमान मानणे ही भाषिक चूक आहे. परंतु तोच अधिकारी वयाने वडीलधाऱ्या कामगाराला ‘ए, इकडे ये’ म्हणतो, तेव्हा त्याला प्रमाण मराठीतील ‘अहो’ ठाऊक असते. ठाऊक असूनही त्याने ते राखून ठेवले. एकेरी रूप एकच, अर्थ मात्र दोन. बोलीचे वैशिष्ट्य सर्वांना सारखे लागू होते. अवमान मात्र माणूस निवडून केला जातो.

कोकणातील शिमग्याचा दाखलाही दिला जातो. शिमग्यात बोंब मारण्याची, अर्वाच्य बोलण्याची मुभा असते. परंतु ती मुभा परंपरेनेच बांधलेली आहे : ठरावीक दिवस, ठरावीक जागा आणि सर्वांना सारखा अधिकार. त्या दिवशी लहानाने मोठ्यालाही बोलावे. कामाच्या ठिकाणी हा उलट अधिकार नसतो. मुकादम मजुराला शिवी देतो, मजूर ती परत करू शकत नाही. ज्या शिवीला उत्तर देण्याची सोय नाही, ती थट्टा नव्हे; तो सत्तेचा वापर होय.

दुसरे उत्तर हेतूविषयी आहे. तोंडी बसलेल्या निरर्थक शब्दाला व्याकरणात पालुपद म्हणतात. शिवीही पालुपद होऊ शकते, हे खरे. हातावर हातोडी पडली असता निघालेला ‘च्यायला!’ आणि नवख्या मुलीकडे पाहून उच्चारलेला तोच शब्द यांत फरक आहे. तथापि भाषातत्त्वज्ञ ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी दाखवून दिले, की बोलणे ही कृती आहे. तिला हेतू असतो तसा परिणामही असतो. चालत्या गाडीचा धक्का नकळत लागला, तरी लागणे खरेच असते. हेतू नव्हता हे क्षमेचे कारण होऊ शकते. पुन्हा तसेच बोलण्याचा परवाना होऊ शकत नाही.

६.६ कायदा आणि गावाचा ठराव

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ नुसार सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. २००८ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातिवाचक शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून न ठरवता प्रचलित वापरावरून ठरवला. शब्द मुळात व्यवसायाचा असला, तरी आज तो अपमानासाठी वापरला जात असेल तर तो अपमानच होय, ही न्यायालयाची भूमिका भाषाशास्त्राशी सुसंगत आहे. २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात मात्र, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना उच्चारलेले शब्द ‘सार्वजनिक दृष्टी’त येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा नकोशा लैंगिक स्वरूपाच्या शाब्दिक वर्तनालाही छळ मानतो. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी, तसेच घरकामगार स्त्रियांसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. वीटभट्टी किंवा शेतघर यांवर काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

कायद्याबाहेरचा एक प्रयत्नही उल्लेखनीय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. दंडाने सवय मोडेल की नाही हा वादाचा विषय आहे. परंतु ज्या स्त्रीचा उल्लेख शिवीत होतो तिचाही मान आहे, हे गावाने एकत्र बसून उच्चारले, हे त्याचे भाषिक महत्त्व आहे.

६.७ विश्लेषणाच्या कसोट्या

एखादा प्रसंग तपासताना पुढील प्रश्न विचारावेत.
१. शब्द स्वतःशी उच्चारला, की कोणाला उद्देशून?
२. ज्याला उद्देशून तो उच्चारला, त्याला तसेच उत्तर देण्याची मोकळीक आहे का?
३. शब्द एखाद्या समूहाला वा स्त्रीला खाली खेचतो का?
४. हाच नियम सर्व धर्मांच्या, जातींच्या व बोलींच्या माणसांना लावला जातो का?
५. हरकत घेतल्यानंतर बोलणारा थांबला का?

पाचवी कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत निर्णायक आहे. पहिल्यांदा निघालेला शब्द सवयीचा असू शकतो. ‘मला हे लागते’ असे सांगितल्यानंतर निघालेला शब्द निवडलेला असतो.

६.८ सारांश

देवाचे नाव उद्गारात येते तेव्हा ते बहुधा भावनेचे वाहक असते. अभिवादनात ते ओळख आणि संबंध सांगते. अपशब्द समाजातील उतरंड उसनी घेतात. बोलीचे वैशिष्ट्य आणि अवमान यांत गल्लत करू नये. कामाच्या ठिकाणची भाषा सोवळी करणे हे आपले उद्दिष्ट नाही. तेथे देवाचे नाव घेणाऱ्याला संकोच वाटू नये आणि कोणाही माणसाला आपले नाव, जात किंवा गाव शिवीसारखे ऐकू येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

६.९ पारिभाषिक शब्द

अर्थक्षीणता : वापराने शब्दाचा मूळ अर्थ फिका होणे.
पालुपद : बोलताना सवयीने वारंवार येणारा निरर्थक शब्द वा शब्दसमूह.
आदरार्थी बहुवचन : एकाच व्यक्तीसाठी आदराने वापरलेले अनेकवचन.

६.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १ ची उत्तरे

१. ‘अरे देवा!’ (संकट), ‘शिव शिव!’ (तिटकारा वा हळहळ).
२. उद्गार कोणाला उद्देशून नसतो. अभिवादन दुसऱ्याला उद्देशून असते आणि संबंध जोडते.

६.११ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘शिव्यांची यादी हा समाजाच्या विषमतेचा दस्तऐवज असतो’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. शिमग्यातील मुभा आणि कामाच्या ठिकाणची शिवीगाळ यांची तुलना करा.
३. उपक्रम : आपल्या कामाच्या किंवा शेजारच्या ठिकाणी एका दिवसात ऐकू आलेले उद्गार व अभिवादने यांची नोंद करा. व्यक्तींची नावे लिहू नका. प्रत्येक नोंदीस ६.७ मधील कसोट्या लावा आणि शेवटी, त्या दिवशी आपण स्वतः काय बोललो याचीही नोंद त्यात करा.