परसबागेत पट्टेदार पानांची गुलछडी

नाशिककडील घरांच्या परसदारी मोगरा व झेंडू यांच्या जोडीस गुलछडी, म्हणजेच निशिगंध, नेहमी आढळते. ही मूळची मेक्सिकोतील. परंतु आपल्या हवापाण्यात ती आता पुरती रुळली आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांच्या साहाय्याने तिचे पट्टेदार पानांचे दोन वाण तयार केले. ‘रजतरेखा’ची फुले एकेरी असून पानांच्या मध्यभागी रुपेरी पट्टा असतो. ‘स्वर्णरेखा’ची फुले दुहेरी असून पानांच्या कडा सोनेरी असतात. फुले नसतानाही वाफा शोभतो, हा या वाणांचा विशेष होय.

जमीन : पाण्याचा उत्तम निचरा होणारी, उन्हाची जागा निवडावी. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून कंद कुजतात; म्हणून तेथे वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

लागवड : नुकतेच काढलेले कंद महिनाभर सावलीत विसावू द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे निरोगी कंद सुमारे ५ सेंटिमीटर खोल व ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. कोंब येईपर्यंत पाणी बेतानेच द्यावे. साधारणपणे तीन-साडेतीन महिन्यांत फुलांचे दांडे येऊ लागतात.

पट्टे कसे राखावेत : पानाच्या पांढऱ्या वा पिवळ्या भागात हरितद्रव्य अल्प असते, म्हणून पट्टेदार रोप काहीसे सावकाश वाढते. एखाद्या ठोंबात निव्वळ हिरवा फुटवा निघाल्यास तो जोमाने वाढून इतरांना मागे टाकतो, आणि दोन-तीन वर्षांत सारा वाफा साध्या गुलछडीचा होतो. असा फुटवा दिसताच कंदासह खणून काढावा. पुढील लागवडीसाठी पट्टेदार ठोंबांतीलच कंद ठेवावेत. पाने वाळल्यावर हिरवा व पट्टेदार कंद ओळखता येत नाही. म्हणून पाने टवटवीत असतानाच निवडक ठोंबांजवळ खुणेची काडी रोवावी.

तोडणी : हार व वेणीसाठी सुटी फुले पहाटे तोडावीत. फुलदाणीसाठी तळाची एक-दोन फुले उमलताच दांडा कापावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंदांचे वाटप करताना ही खुणेची रीत घरोघरी प्रत्यक्ष दाखवावी. एका कंदाभोवती अनेक कंद धरतात. वाण शुद्ध राखल्यास एकाच परसातून शेजारच्या कित्येक परसांस बेणे पुरविता येईल.