डोंगरांतील हिरवळ टिपणारा अल्पवीज कॅमेरा

नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकांस सातपुड्याचें महत्त्व सांगावयास नकोच. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांत गवत केव्हां हिरवें झालें, केव्हां वाळूं लागलें, मोहाचीं पानें केव्हां गळलीं, यांवर चराई, वैरणीची तजवीज व मोहफुलांची वेंचणी अवलंबून असते. हे दिवस दरसाल सारखे येत नाहींत. आणि नुसत्या आठवणीवरून दोन सालांची तुलना नीट होत नाहीं. युरोपाच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचीं चित्रें सुमारें ५ दिवसांनीं मिळतात खरीं. परंतु ऐन पावसाळ्यांत ढग आड येतात. तेथें खांबावर बसविलेला लहान कॅमेरा उपयोगी पडतो.

अडचण विजेची आहे. चित्र घेण्यास वीज थोडीच लागते. ती वायां जाते पुढच्या चित्राची वाट पाहण्यांत. हिशेब पाहावा. चालू असतांना कॅमेरा २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असें धरूं. तो सतत चालू ठेवल्यास ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १५ तासांत संपेल. तोच दिवसांतून ५ वेळां, प्रत्येकीं २० सेकंद जागा केला व एरव्हीं ०.१ मिलिअँपिअरवर निजविला, तर रोजचा खर्च ८ मिलिअँपिअर-तास होतो. म्हणजे बॅटरी ३७५ दिवस पुरते. उष्णतेनें व जुनेपणानें होणारी घट धरून यांतील निम्मेच दिवस खरे मानावे. तरीही मृगापूर्वीं लावलेला कॅमेरा दिवाळीपर्यंत चालेल.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. पुष्कळ स्वस्त कॅमेरे निजल्यावरही आंतील लहान दिवा वगैरे भागांमुळें कांहीं मिलिअँपिअर खातात. हा प्रवाह ५ असला तर तीच बॅटरी २४ दिवसांत संपते! यास्तव कॅमेरा डोंगरांत नेण्यापूर्वीं निजल्या स्थितींतील प्रवाह मीटरनें मोजावा.

डबीच्या झांकणास रबराची पट्टी व आंत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी असावी. कॅमेरा गुरांच्या आवांक्याबाहेर, तोंड उत्तरेकडे करून, न हलेल असा बसवावा. चित्रें सकाळीं १० ते दुपारीं २ या वेळांत घ्यावीं. चौकटीच्या कोपऱ्यांत राखी रंगाचा पत्रा ठेवावा, म्हणजे उजेड बदलला तरी रंग पडताळतां येतो. चित्रांतील हिरव्या रंगाचें मान तांबडा, हिरवा व निळा यांच्या बेरजेनें भागावें. हा अंक चढूं लागला कीं पालवी फुटली, उतरूं लागला कीं गवत वाळूं लागलें, असें समजावें.

वनाच्या जमिनीवर कॅमेरा लावण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी व ग्रामसभेस कळवावें. त्याचा रोख झाडोऱ्याकडे असावा. पाणवठ्याकडे किंवा पायवाटेकडे नसावा. सोबत पाऊस, चराई व वैरण यांची वही ठेवावी. दोन-तीन सालांचीं चित्रें व वही शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे कुरणावर गुरें केव्हां सोडावीं व वैरण केव्हां कापावी, हें ठरविण्यास आधार मिळेल.